जुनी शिराज चाखताना: खान्देशातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून वाइनबद्दल जे विचारलं जातं, त्यात जुन्या शिराजचा विषय सतत येतो. कुणाचा मुलगा ऑस्ट्रेलियाहून बाटली घेऊन आलेला असतो, कुणी नाशिकहून लेबलवर ‘रिझर्व्ह’ लिहिलेली बाटली आणून कपाटात जपून ठेवलेली असते. आता ती उघडायची कशी, प्यायची कशी, खराब तर झाली नसेल ना? पुस्तकांतली उत्तरं बहुतेक थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, त्यामुळे ती उत्तरं इथं जशीच्या तशी चालत नाहीत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. शिराज म्हणजे नेमकं काय? इराणमधल्या शिराज शहराची द्राक्षं का?

शिराज ही काळ्या द्राक्षाची जात, आणि तिच्यापासून बनणाऱ्या लाल वाइनचंही तेच नाव. फ्रान्समध्ये तिलाच सिरा म्हणतात. इराणची गोष्ट ऐकायला छान आहे, पण १९९८ मध्ये डीएनए तपासणीतून या जातीचे आईबाप सापडले: दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश. दोन्ही आग्नेय फ्रान्सच्या जाती, म्हणजे शिराजचं माहेर रोन नदीच्या आसपासचंच. जेम्स बझ्बी यांनी १८३१-३२ मध्ये युरोपातून द्राक्षांची कलमं गोळा करून ऑस्ट्रेलियात पाठवली, त्यांत हीसुद्धा होती. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात ती अशी रुजली की तिथले काही वेल दीडशे वर्षांहून जुने आहेत आणि अजून फळ देतात. युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही कीड त्या भागात पोचलीच नाही, म्हणून ते वाचले. आपल्याकडे नाशिक-दिंडोरी पट्ट्यात आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे शिराज लावली जाते.

२. ‘एज्ड’ म्हणजे किती वर्षांची? लेबलवर ‘रिझर्व्ह’ असलं की ती जुनी समजायची का?

लेबलवरचं साल हे द्राक्षं तोडल्याचं साल असतं. तिथून पुढं वाइन दोन ठिकाणी मुरते: आधी ओकच्या पिंपात, मग बाटलीत. पिंपातले महिने तिला लाकडाचा वास आणि थोडी हवा देतात. फ्रेंच ओक मसालेदार आणि संयत असतो, अमेरिकन ओकमधून व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास जास्त येतो. खरं म्हातारपण मात्र बाटलीत येतं. चांगल्या शिराजमध्ये आठ-दहा वर्षांनंतर ताज्या फळाचा वास मागं पडून चामडं, सुकं अंजीर, तंबाखू असे वास पुढं येऊ लागतात. अव्वल बरोसा किंवा फ्रान्सची एर्मिताज २०-३० वर्षंही टिकते. ‘रिझर्व्ह’वर मात्र विसंबू नका. ऑस्ट्रेलियात या शब्दाला वर्षांची कायदेशीर व्याख्या नाही. साल बघा.

३. जितकी जुनी तितकी चांगली, बरोबर ना?

नाही. हा समज व्हिस्कीवरून आलेला आहे, आणि व्हिस्कीसुद्धा बाटलीत मुरत नाही, पिंपातच मुरते. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायच्या हिशेबानंच बनते. त्यापुढं ती फक्त विरत जाते. टिकायला तीन गोष्टी लागतात: भरपूर टॅनिन (सालीतून आणि बियांतून येणारा तुरटपणा), शाबूत आंबटपणा आणि फळाची घट्ट चव. चौथी गोष्ट साठवणूक, ती आपल्या हातात असते.

थांबण्याचं मोल सांगणारी एक खरी हकिकत आहे. पेनफोल्ड्स या ऑस्ट्रेलियन वाइन कंपनीचे वाइनमेकर मॅक्स शूबर्ट यांनी १९५१ मध्ये ग्रेंज नावाची शिराज पहिल्यांदा प्रयोग म्हणून बनवली, वीस वर्षं टिकावी या इराद्यानं. ती कोवळी असतानाच जाणकारांना चाखायला दिली गेली आणि त्यांनी ती मोडीत काढली. १९५७ मध्ये कंपनीनं उत्पादन थांबवायचा हुकूम दिला. शूबर्ट गुपचूप बनवत राहिले. दरम्यान आधीच्या बाटल्या मुरल्या, पुन्हा चाखल्या गेल्या आणि मत पालटलं. १९६० मध्ये अधिकृत परवानगी परत मिळाली. आज ती ऑस्ट्रेलियाची सगळ्यात नावाजलेली वाइन आहे. पण तिच्यात टिकण्याचा दम बनवतानाच भरलेला होता, हे विसरू नका. साध्या बाटलीला वीस वर्षं कोंडून तिची ग्रेंज होत नाही.

४. मग नाशिकची शिराज ठेवण्यासारखी असते का?

काही असतात. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा संपताना फळछाटणी. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. फळ उतरायच्या वेळी ऊन चढू लागलेलं असतं, त्यामुळे साखर झपाट्यानं भरते आणि आंबटपणा उतरायची घाई करतो. म्हणून साधी नाशिक शिराज दोन-तीन वर्षांत संपवावी. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह किंवा रासा यांसारखी ओकमध्ये मुरवलेली शिराज, नीट गारव्यात ठेवली तर, त्याहून अधिक थांबते. माझा सल्ला: एकाच सालाच्या दोन बाटल्या घ्या. एक आता उघडा, चव लिहून ठेवा, दुसरी तीन वर्षांनी उघडा. वाइन म्हातारी होते म्हणजे काय होतं, ते समजायला याहून स्वस्त शाळा नाही.

५. आमच्या उन्हाळ्यात बाटली ठेवायची कुठं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. खान्देशात जुन्या शिराजची जी नासाडी होते ती बहुतेक उष्णतेनं होते.

वाइनला लागतं ते असं: १२ ते १४ अंश, तेही स्थिर, अंधार, हादरे नाहीत, कॉर्कची बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. स्क्रू कॅपची उभी चालते. घरातली सगळ्यात वाईट जागा म्हणजे स्लॅबखालचा माळा, त्यानंतर फ्रिजची पाठ आणि स्वयंपाकघरातलं गॅसजवळचं कपाट. जुन्या धाब्याच्या घरांत मातीमुळे गारवा राहतो, आणि ज्यांची अशी घरं अजून उभी आहेत ते कौतुकानं विचारतात की तिथं ठेवू का. हिवाळ्यात खुशाल ठेवा. एप्रिल-मेमध्ये मात्र त्या घराच्या आतल्या खोलीतही तापमान तिशीच्या आसपास जातं, आणि तिथं काही आठवडे राहिलेली वाइन शिजते. तिचा वास मुरंब्याकडे झुकतो, बूच वर सरकतं, कधी गळ्याशी चिकट ओघळ दिसतो.

दोन-चारच बाटल्या असतील तर मार्च ते जूनपर्यंत साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, आडव्या ठेवा. चार अंश हे वाइनला गरजेपेक्षा थंड आहे, त्यानं मुरणं मंदावतं, पण बिघडत नाही. फ्रिजची हवा कोरडी असते, त्यामुळे वर्षानुवर्षं तिथंच ठेवली तर बूच सुकतं.

जास्त बाटल्या असतील तर वाइन चिलर घ्या, पण घेताना एक गोष्ट दुकानदाराला आवर्जून विचारा: कॉम्प्रेसरवर चालतो का? स्वस्त, आवाज न करणारे थर्मोइलेक्ट्रिक चिलर खोलीच्या हवेपेक्षा साधारण १२-१५ अंशच खाली जाऊ शकतात. खोली ४० अंशांवर असेल तर आत पंचवीस-अठ्ठावीस. पैसे वाया. कॉम्प्रेसरवाल्याच्याही मागच्या पट्टीवर क्लायमेट क्लास बघा. ‘टी’ लिहिलेलं असेल तर तो ४३ अंशांच्या खोलीपर्यंत काम करण्यासाठी बनवलेला असतो.

६. लाइट गेली तर?

दार उघडू नका. भरलेला चिलर काही तास गारवा धरून ठेवतो, कारण आतल्या बाटल्याच थंड असतात. बाटल्या कमी असतील तर रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा.

७. नाशिकहून येताना गाडीत बाटली ठेवली तर काही होतं का?

उन्हाळ्यात होतं. बंद डिकीत दुपारी साठ अंशांच्या आसपासही तापमान चढू शकतं. पहाटे निघा, बाटली थर्माकोलच्या खोक्यात गुंडाळा, गाडीत एसी असेल तिथं पायाशी ठेवा आणि मालेगावला जेवायला थांबलात तर बाटली गाडीत सोडू नका. घरी आणल्यावर जुनी बाटली लगेच उघडू नका, आठवडाभर निवांत पडू द्या.

८. ‘रूम टेंपरेचरला प्या’ असं बाटलीवर लिहिलंय. आमची रूम तर ३८ अंशांवर असते, भाऊ.

तो सल्ला जुन्या युरोपातल्या, दगडी भिंतींच्या गार घरांसाठी होता. जुन्या शिराजला १६ ते १८ अंश हवेत. त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं आणि फळ दबतं. फार थंड झाली तर वास मिटतात आणि तुरटपणा टोचायला लागतो.

स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर हा हिशेब धरा: बाटली फ्रिजमधून काढली की हिवाळ्यात जास्त वेळ, उन्हाळ्यात कमी वेळ बाहेर ठेवायची. उलट बाटली तापलेली असेल तर बर्फ आणि पाणी मिळून भरलेल्या बादलीत वीस मिनिटं. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण बाटलीला पाण्यासारखा सलग स्पर्श मिळत नाही. ग्लासात बर्फ कधीही टाकायचा नाही.

एकदा टेबलावर आली की आपल्या कोरड्या हवेचा फायदा घ्या. बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवली तर माठात पाणी गार राहतं तशी ती गार राहते. ग्लासात एका वेळी थोडीच ओता, दोन घोटांपुरती. आणि खरं सांगायचं तर जुनी बाटली उघडायचा आपला मोसम डिसेंबर-जानेवारी. त्या रात्री धुळ्याची हवाच वाइनच्या बाजूनं असते.

९. जुनं बूच तुटलं, आत पडलं. आता?

घाबरायचं कारण नाही, वाइन बिघडत नाही. स्वच्छ गाळणीतून गाळून घ्या. पंधरा वर्षांवरच्या बाटलीला साधा स्क्रू लावताना बूच मधोमध फाटतं. त्यासाठी दोन पात्यांचा ओपनर मिळतो. पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आळीपाळीनं सरकवायची आणि गोल फिरवत वर ओढायचं. तो नसेल तर स्क्रू पूर्ण खोल घाला आणि झटका न देता ओढा. बुचाच्या वर काळी बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसा, आतल्या वाइनशी तिचा संबंध नसतो.

१०. तळाशी गाळ दिसतोय. फेकून देऊ का?

फेकू नका! गाळ हा जुन्या शिराजचा स्वाभाविक भाग आहे. टॅनिन आणि रंगाचे कण वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि खाली बसतात. म्हणूनच जुनी वाइन मऊ लागते. तो तुरटपणा आता बाटलीच्या तळाशी असतो. चकचकीत खड्यांसारखे कण दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, काच नव्हे. दोन्ही निरुपद्रवी आहेत, फक्त दाताखाली कचकच नको म्हणून वेगळे करायचे.

बाटली उघडायच्या एक-दोन दिवस आधी उभी करून ठेवा. उघडताना हलवू नका. बूच काढल्यावर गळ्याची कड आतून-बाहेरून पुसा. आता टॉर्च लावलेला मोबाइल, उजेड वर येईल असा, टेबलावर ठेवा आणि बाटलीचा गळा बरोबर त्याच्या वर येईल असा धरा. दुसऱ्या हातात डिकॅंटर, म्हणजे वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं. एकाच सलग धारेनं, अगदी सावकाश ओता. मधे थांबून बाटली सरळ केलीत तर गाळ उठतो. सुरुवातीला गळ्यातून स्वच्छ माणकासारखा रंग दिसेल. मग खांद्याजवळून धुराच्या दोऱ्यासारखी एक रेघ येताना दिसेल. ती गळ्यापर्यंत पोचायच्या आत थांबा. मागं दोन बोटं वाइन उरेल, ती रश्श्यात घाला.

डिकॅंटर नसेल तर काचेचा स्वच्छ जग चालतो. तांब्या-पितळेचं भांडं मात्र नको. वाइन आंबट असते, ती कळकते.

किती वेळ आधी ओतायची, यावर लोक भांडतात. माझं मत असं: पाच-सहा वर्षांची दणकट शिराज तासभर आधी ओतावी, हवेनं ती खुलते. पंधरा-वीस वर्षांची वाइन प्यायच्या अगदी थोडं आधी ओतावी, कारण तिचे नाजूक वास अर्ध्या तासातही उडून जाऊ शकतात. शंका असली तर आधी बाटलीतून एक घोट घेऊन बघा आणि ठरवा.

११. खास ग्लास लागतोच का? स्टीलच्या पेल्यात काय बिघडतं?

वास बिघडतो. पोट मोठं आणि तोंड किंचित आत वळलेला, पातळ काचेचा ग्लास घ्या, तिसरा हिस्साच भरा. त्याहून महत्त्वाचं: ग्लास हुंगून बघा. भांड्याच्या साबणाचा, बंद कपाटाचा किंवा डांबराच्या गोळीचा वास असेल तर नुसत्या गरम पाण्यानं दोनदा खळबळून उपडा न ठेवता वाळवा. महागड्या वाइनचा पहिला वास साबणाचा यावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१२. चव घ्यायची पद्धत सांगा, अगदी पहिल्यापासून.

आधी रंग. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कोवळी शिराज जांभळट काळी, कागदावरची अक्षरं झाकून टाकणारी असते. जुनी असेल तर मध्यभागी गर्द लाल आणि कडेला विटकरी झाक दिसते. कड पूर्ण तपकिरी झाली असेल तर वाइन उतरणीला लागलेली असू शकते, पण नाकानं खात्री केल्याशिवाय निकाल देऊ नका.

मग वास, ग्लास न हलवता. जुन्या वाइनचे सगळ्यात हलके वास पहिल्याच श्वासात असतात. त्यानंतर ग्लास टेबलावरच टेकवून दोन-तीन वेळा गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. आधी फळ शोधा: पिकलेलं जांभूळ, काळा मनुका, की सुकं अंजीर? फळ जितकं सुकं, तितकी वाइन वयानं पुढं गेलेली. मग मसाला: काळं मिरं, लवंग. मग लाकूड: व्हॅनिला, धूर. शेवटी वयाचे वास: चामड्याची चप्पल नवी असताना येतो तो, तंबाखूच्या पानाचा, पहिल्या पावसातल्या काळ्या मातीचा. आपल्या घरात काळा मसाला भाजला जातो. त्यातल्या दगडफुलाचा तो कोरडा, जंगलासारखा वास आठवा. जुन्या शिराजमध्ये त्याच्या जवळचं काहीतरी हमखास सापडतं. परदेशी पुस्तकातली ब्लॅकबेरी तुम्ही खाल्ली नसेल तर ती शोधत बसू नका.

आता घोट, चमचाभर. लगेच गिळू नका. तोंडात सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. चार गोष्टी तपासा. लाळ सुटते का, तो आंबटपणा. हिरड्यांवर कोरडेपणा येतो का, ते टॅनिन. जुन्या शिराजमध्ये तो खरखरीत नसावा, मखमली असावा. घशात जळजळ होते का, ते अल्कोहोल. शिराजमध्ये ते १३.५ ते १५ टक्के असतं, पण समतोल असेल तर टोचत नाही. आणि अंगभरणी, म्हणजे तोंडात ती पातळ लागते की दाट.

गिळल्यावर (किंवा थुंकल्यावर, चार-पाच वाइन चाखायच्या असतील तर थुंकणंच योग्य) मनात आकडे मोजा. दहाच्या पुढंही चव रेंगाळली तर वाइन दर्जेदार आहे. मग ग्लास बाजूला ठेवा आणि वीस मिनिटांनी परत या. जुनी शिराज ग्लासातच बदलत जाते, आणि मला तिचं सगळ्यात जास्त अप्रूप याच गोष्टीचं आहे.

१३. सगळे म्हणतात मिऱ्याचा वास येतो. मला येतच नाही. नाकात दोष आहे का?

दोष नाही. शिराजमधला मिऱ्याचा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शिराजमध्ये ओळखलं. काळ्या मिऱ्यातही तेच असतं. साधारण पाच माणसांत एकाला ते जवळजवळ जाणवतच नाही. शिवाय गरम हवेत पिकलेल्या द्राक्षांत ते कमी असतं, तेव्हा कदाचित तुमच्या बाटलीतच मिरं कमी असेल.

१४. बसायचं कुठं? हॉलमध्ये कूलर लावून चालेल?

कूलर बंद ठेवा. ओल्या वाळ्याचा किंवा गवताच्या जाळीचा वास खोलीभर असतो आणि वाऱ्याचा झोत ग्लासावरचे वास उडवून नेतो. अगरबत्ती, अत्तर, शेजारी फोडणी, हेही नको. चाखणाऱ्यानं आधीचा तासभर पान, गुटखा, बडीशेप, चहा टाळावा. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत चाखणं सगळ्यात चांगलं. नाक ताजं असतं आणि घर अजून तापलेलं नसतं.

१५. वाइन खराब झाली आहे हे कसं ओळखायचं?

ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला आणि फळ गायब असेल तर बुचाचा दोष. तो हवेनं जात नाही, उलट वाढतो. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा झणका आला तर आंबली आहे. रंग तपकिरी आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, तर हवा लागून उतरली. मुरंब्यासारखी शिजलेली चव म्हणजे उष्णता (प्रश्न ५). घोड्याच्या तबेल्याचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. थोडा असेल तर काहींना आवडतो, मला नाही. जळलेल्या काडेपेटीचा वास मात्र बहुतेक वेळा डिकॅंट केल्यावर निघून जातो, म्हणून तिला पंधरा मिनिटं द्या. नुसती तुरट किंवा आंबट लागणं हा दोष नव्हे.

१६. मटणाच्या काळ्या रश्श्याबरोबर घ्यायची म्हणून ठेवलीय. जमेल ना?

मन मोडतो, पण नको. मिरचीचा तिखटपणा अल्कोहोलची आग वाढवतो आणि टॅनिन कडवट करतो. वर्षानुवर्षं मुरलेली नाजूक चव झणझणीत रश्श्यापुढं पहिल्याच घासात हरते. शेवभाजीचंही तेच. तिखट जेवणाबरोबर थंडगार रोझे किंवा स्पार्कलिंग घ्या आणि जुनी शिराज वेगळ्या दिवशी उघडा.

तिच्याशी जुळतं ते भाजलेलं, धुरकट, मऊ. हळद-मीठ-लसूण लावून निखाऱ्यावर भाजलेलं मटण अप्रतिम जमतं. आणि आपलं भरीत! भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं हिरवं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजून, मिरची अगदी नावापुरती घालून, कळण्याच्या भाकरीबरोबर. वांग्यातला धूर आणि वाइनमधला धूर एकमेकांना हात देतात. शाकाहारी घरांत भाजलेले मशरूम, मीठ लावलेले शेंगदाणे, जुनं कडक चीज चालतं. खापरावरची पुरणपोळी, आमरस किंवा कुठलाही गोड पदार्थ बरोबर नको, गोडापुढं वाइन आंबटढाण लागते.

१७. आम्ही अंडंही खात नाही. वाइन शाकाहारी असते ना?

नेहमीच नाही. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशांपासून काढलेला पदार्थ वापरतात. तो नंतर गाळासोबत काढून टाकला जातो, पण वापर झालेला असतो. बेंटोनाइट ही माती वापरूनही तेच काम होतं. लेबलवर ‘व्हीगन’ लिहिलेलं असेल तीच घ्या, नसेल तर वाइनरीला विचारा.

१८. अर्धी उरली. किती दिवस टिकेल?

कोवळी शिराज बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. पंधरा वर्षांवरची त्याच रात्री संपवा. म्हणून चार-सहा माणसं जमवूनच उघडा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सहा जणांना सव्वाशे मिलिलिटर येते, आणि चाखायला तेवढी पुरते.

१९. रोज एक ग्लास हृदयाला चांगला म्हणतात. खरं का?

या कारणासाठी पिऊ नका. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. गरोदरपणात अजिबात नको. यकृताचा त्रास असेल किंवा मधुमेहाची, झोपेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पिऊन गाडी चालवायची नाही, आणि चाखण्याच्या कार्यक्रमालाही हे लागू आहे.

२०. नंदुरबारहून सुरतला ताईकडे बाटली घेऊन जाऊ का? नवापूरपासून तर जवळच आहे.

नेऊ नका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि वाइन त्यातच येते. नवापूरच्या रेल्वे स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, त्यामुळे गाडीत बसल्या बसल्याही तुम्ही हद्द ओलांडता. ‘भेट म्हणून नेत होतो’ हे कारण चालत नाही. महाराष्ट्रातही बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा किंवा कायमचा, आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं. ताईलाच इकडे बोलवा.

२१. मुलीच्या जन्मसालाची शिराज घेऊन तिच्या लग्नात उघडायची आहे. पंचवीस वर्षं खान्देशात टिकेल?

टिकू शकते, पण तीन अटींवर. पहिली, निवड: पंचवीस वर्षं टिकण्याचा ज्यांचा इतिहास आहे अशीच शिराज घ्या, म्हणजे चांगल्या सालाची अव्वल बरोसा, किंवा फ्रान्समधली एर्मिताज नाहीतर कोत-रोती. दुसरी, आकार: मिळाली तर दीड लिटरची मॅग्नम घ्या. वाइनच्या मानानं आतली हवा कमी असल्यामुळे ती सावकाश मुरते. तिसरी, जागा: कॉम्प्रेसरचा चिलर पहिल्या दिवसापासून, आणि तो बिघडला तर दुरुस्ती होईपर्यंत बाटली घरच्या फ्रिजमध्ये. पंचवीस वर्षांत एक चिलर तर नक्कीच बदलावा लागेल, तो खर्च आताच धरा.

एकच बाटली ठेवणं धोक्याचं, कारण बुचाचा दोष कुठल्याही बाटलीत निघू शकतो. तीन घ्या. दर दोन-तीन वर्षांनी उजेडात धरून गळ्यातली पातळी बघा. खांद्याखाली उतरली असेल तर हवा शिरते आहे, ती आधी उघडा. एक बाटली मुलगी शाळेत असतानाच, बारा-तेरा वर्षांनी, मोठ्यांनी उघडून चाखा. ती टवटवीत असेल तर बाकीच्या राहू द्या. फळ विरलेलं वाटलं तर उरलेल्या दोन तिच्या एकविसाव्या वाढदिवसालाच उघडा, लग्नाची वाट बघू नका.